डोळ्यांसाठी घरातल्या साखरेचा आणि अॅडिटिव्हचा आढावा: कोणते काम आधी, कोणते नंतर

डोळ्यांसाठी खाणे सुधारायचे ठरवणारी बहुतेक घरे सुरुवात उलट्या टोकाने करतात. चायनीजच्या ठेल्यावरचा अजिनोमोटो बंद होतो, शुगर-फ्रीच्या गोळ्यांची डबी कचऱ्यात जाते, बुंदीच्या लाडवातला पिवळा रंग गुन्हेगार ठरतो. पण दिवसाकाठचे चार कप गोड चहा, रसवंतीवरचा मोठा ग्लास आणि जेवणानंतरची संत्रा बर्फी यांना कोणी हात लावत नाही. पुरावा पाहिला तर क्रम नेमका उलट हवा. डोळ्याच्या पडद्याचे आणि नेत्रभिंगाचे नुकसान रक्तात दीर्घकाळ वाढलेली साखर करते, हे निःसंशय सिद्ध झालेले आहे. परवानगी असलेल्या अॅडिटिव्हबद्दल, म्हणजे रंग, चव, गोडवा किंवा टिकाऊपणासाठी खाण्यात मिसळलेल्या पदार्थांबद्दल, नेहमीच्या प्रमाणात, असे म्हणण्याजोगा पुरावा माणसांत मिळालेला नाही. पुढचे टप्पे म्हणून त्याच क्रमाने मांडले आहेत. ते वर-खाली करू नयेत, आणि पहिला टप्पा वगळून थेट पाचव्यावर तर मुळीच जाऊ नये.

## तयारी

एक वही, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, घरातल्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीचे जुने रिपोर्ट, सध्या चालू असलेल्या औषधांची नावे आणि जुन्या चष्म्यांचे नंबर एवढे जवळ घ्यावे. वजनकाटा अनावश्यक वाटतो, पण ‘एक चमचा साखर’ म्हणजे एका घरात ४ ग्रॅम असते, तर शेजारच्या घरात शिगोशीग भरलेले ८ ग्रॅम. आपल्या घरच्या चहाच्या चमच्यात किती साखर मावते ते एकदा तोलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे; पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

कपाटातली पाकिटे, बाटल्या आणि डबे अजून फेकू नयेत. चौथ्या टप्प्यात त्यांची वेष्टने वाचायची आहेत.

## टप्पा १: डोळ्यांची आजची स्थिती नोंदवणे

मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा सुरुवातीला नजरेत काहीच फरक पाडत नाही. सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगवटे येतात, त्यातून रक्त आणि स्निग्ध द्रव झिरपू लागतो. हे सर्व पीतबिंदूपासून, म्हणजे पडद्याच्या मध्यावरच्या स्पष्ट नजरेच्या भागापासून, दूर घडत असेल तोवर माणूस वर्तमानपत्र सहज वाचतो आणि ‘माझे डोळे ठणठणीत आहेत’ असे सांगतो. चष्म्याच्या दुकानातली यंत्रावरची नंबर तपासणी म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. हा गैरसमज इतका पक्का आहे की पाच-सहा वर्षांचे मधुमेही रुग्णही ‘डोळे तपासले’ म्हणतात तेव्हा त्यांना फक्त नंबर काढल्याचे म्हणायचे असते.

पडद्याची तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालून होते, किंवा खास कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्र काढून. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालये आणि मिहानमधले एम्स या तिन्ही ठिकाणी नेत्ररोग विभाग आहेत. केसपेपर काढतानाच ‘मधुमेह आहे, पडदा तपासायचा आहे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर नंबर काढून परत पाठवणी होण्याची शक्यता राहते. टाइप २ मधुमेहाचे निदान झाले की लगेच, आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी ही तपासणी करायची असते. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी व्हावी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेल्यास पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यावा, कारण गरोदरपणात ही इजा वेगाने वाढू शकते.

थेंबांनंतर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात स्वतः दुचाकी चालवत घरी येण्याचा बेत करू नये. सोबत माणूस आणि गडद चष्मा असावा. कोणत्याही प्रकारच्या काचबिंदूचा इतिहास असेल तर थेंब घालण्यापूर्वी तसे सांगावे.

सावधान. ज्यांची साखर अनेक वर्षे खूप वाढलेली आहे आणि पडद्याला आधीच इजा झालेली आहे, अशा रुग्णांत साखर फार झपाट्याने खाली आणल्यास सुरुवातीच्या काही महिन्यांत पडद्याची स्थिती तात्पुरती बिघडू शकते. दीर्घकाळात फायदाच होतो, म्हणून साखर कमी करायचीच असते. पण ती कोणत्या वेगाने करायची आणि मधल्या काळात डोळे किती वेळा पाहायचे, हे पडद्याचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय ठरत नाही. आहारात मोठा बदल करण्यापूर्वी हा टप्पा का पुरा व्हायला हवा, त्याचे कारण हेच.

पडताळा. वहीत दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नोंद झाली का? दूरचे, जवळचे, पडद्याचा निष्कर्ष आणि पुढची तारीख. ‘नॉर्मल’ एवढा एकच शब्द पुरेसा नाही.

## टप्पा २: रक्तातली साखर खरोखर किती आहे

उपाशीपोटी डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, हा मधुमेहाचा उंबरठा, ५.७ ते ६.४ टक्के ही त्याआधीची पायरी. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि डोळ्यांच्या धोक्याशी तिचा संबंध घट्ट आहे. ब्रिटनमधल्या युकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाच्या आकडेवारीत एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असलेल्यांत डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या.

विदर्भात मात्र एक अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सिकलसेलचे प्रमाण इथे लक्षणीय आहे. ज्यांना सिकलसेल आजार आहे त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते; नुसते वाहक असलेल्यांतही काही तपासणी-पद्धतींत आकडा चुकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा रिपोर्टमधला एचबीएवनसी आणि रोजच्या मोजण्या एकमेकांशी जुळतच नसतील, तर डॉक्टरांना ते सांगून फ्रुक्टोसामाइनसारखी दुसरी तपासणी किंवा थेट साखरेच्या मोजण्या यांवर निर्णय घ्यावा. सिकलसेल आजार स्वतःसुद्धा पडद्याच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो, त्यामुळे अशा व्यक्तीने मधुमेह नसला तरी पहिला टप्पा टाळू नये.

घरी ग्लुकोमीटर वापरत असाल तर दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली चूक संत्र्याची. संत्रे सोलून बोटाला सुई टोचली की सालीचा आणि फोडींचा रस कातडीवर राहिलेला असतो, त्या थेंबात फळाची साखर मिसळते आणि यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. स्पिरिटचा बोळा फिरवून हा रस पुरता जात नाही. साबणपाण्याने हात धुवून, कोरडे करूनच टोचावे. दुसरी चूक उन्हाळ्याची. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवण्याची सूचना असते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात तापणाऱ्या शहरात गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवलेल्या पट्ट्या विश्वासाच्या राहत नाहीत. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. फ्रिजमध्येही नको, तिथे ओल लागते.

## टप्पा ३: सात दिवसांची नोंद

या आठवड्यात खाण्यात काहीही बदल करू नये. नोंद सुरू झाली की लोक लाजून गोड कमी करतात आणि मग वहीत जे दिसते ते त्या घराचे नेहमीचे खाणे नसते.

मोजायची ती वरून घातलेली साखर. चहातली, शिऱ्यातली, बिस्किटातली, तशीच गुळातली, मधातली आणि गाळलेल्या फळांच्या रसातलीही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली या सगळ्याला मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी, अशी मर्यादा सुचवली आहे. २००० कॅलरींच्या आहारात ती अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. अख्खे फळ आणि साधे दूध या हिशेबात येत नाही. संत्रे सोलून खाल्ले तर ते मोजायचे नाही. तीन-चार संत्र्यांचा रस काढून प्यायला तर मोजायचा. गूळ आणि मध आरोग्यदायी असल्याच्या समजुतीने मोजणीतून सुटतात, पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असते आणि नेत्रभिंगाला ती गुळातून आली की साखर कारखान्यातून, याने काही फरक पडत नाही.

अंदाजासाठी काही आकडे. पाच ग्रॅमच्या चमच्याने दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा म्हणजे ४० ग्रॅम. वरच्या मर्यादेचा मोठा भाग इथेच संपला. कोलाप्रकारच्या शीतपेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. उसाच्या रसात १२ ते १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रसवंतीवरच्या २५० मिलिलिटरच्या ग्लासात तीस ग्रॅम किंवा त्याहून जास्त. उन्हाळ्यात ‘ऊन लागू नये’ म्हणून पाण्यात कालवली जाणारी ग्लुकोज पावडर तर जवळजवळ निव्वळ ग्लुकोज असते, आणि ती घेतल्यावर रक्तातली साखर फार वेगाने चढते. उलट्या-जुलाबांत लागणारे ओआरएस वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पाण्याबरोबर क्षार शोषले जावेत म्हणून ते तिथे आहे. फळांच्या चवीची खोक्यातली पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

होळी-पाडव्याच्या गाठ्या, तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हातावर पडणारा खाऊ, लग्नसराईतली जेवणे हेही आठवड्यात आले तर लिहावे. सणाचे म्हणून सोडून देऊ नये, कारण आपल्याकडे सण नसलेला महिना शोधावा लागतो.

पडताळा. पाण्याखेरीज प्यायलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद आहे का? नोंदी चुकतात त्या बहुतेक पेयांच्याच.

## टप्पा ४: वेष्टन वाचणे

संत्र्याच्या चवीच्या पेय-पावडरीचे एखादे पाकीट हातात घ्यावे. दर्शनी बाजूला कापलेले रसरशीत संत्रे असते. ती बाजू वाचायचीच नाही. पाकीट उलटे करून घटकांची यादी शोधावी. यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे, म्हणून पहिला शब्द ‘साखर’ असेल तर त्या पाकिटात सर्वांत जास्त साखरच आहे. पुढे आम्लता नियंत्रक म्हणून ३३०, म्हणजे सायट्रिक आम्ल, आणि रंग म्हणून ११० किंवा १०२ असे आकडे दिसतात; हे त्या-त्या अॅडिटिव्हचे ठरलेले क्रमांक. संत्र्याचे नाव शेवटी बारीक प्रमाणात येते, किंवा नुसत्या ‘फ्लेवर’च्या रूपात.

मग पोषणाचा तक्ता. त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ असे दोन वेगळे आकडे असतात. आपल्याला दुसरा हवा. तो १०० ग्रॅममागे आहे की एका सर्व्हिंगमागे, हे रकान्याच्या डोक्यावर पाहावे. सर्व्हिंगचा आकार उत्पादक ठरवतो, आणि दोन बिस्किटांचे सर्व्हिंग मानून दोनच बिस्किटे खाणारा माणूस विरळाच.

साखर इतर नावांनीही येते: डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, फ्रुक्टोज, सुक्रोज. एकाच पाकिटात साखर तीन नावांनी विभागली की यादीतला तिचा क्रम खाली सरकतो, आणि पीठ किंवा ओट्स पहिल्या जागी दिसू लागतात. यांपेक्षा फसवी गोष्ट माल्टोडेक्स्ट्रिन आहे. ते साखरेच्या आकड्यात मोजले जात नाही, कर्बोदकांच्या आकड्यात लपते, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. प्रथिनांच्या पावडरी आणि झटपट सूप यांत ते शोधावे.

‘शुगर-फ्री’ याचा नियमातला अर्थ १०० ग्रॅमला ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही, एवढाच. शुगर-फ्री बिस्किटातला मैदा जागच्या जागी असतो. मधुमेही व्यक्तीने एकूण कर्बोदकांचा रकाना वाचल्याशिवाय असे पाकीट घरात आणू नये.

सावधान. नागपूरच्या इतवारी बाजारातून सुटी आणलेली मिठाई, खारे पदार्थ आणि मसाले यांना वेष्टन नसते. त्यांचा हिशेब ‘माहीत नाही’ म्हणून शून्य धरू नये. घरी तोच पदार्थ करताना जेवढी साखर पडते तेवढी धरावी.

## टप्पा ५: साखर कमी करण्याचा क्रम

आधी पेये. गोड पेयातली साखर चावावी लागत नाही, पोट भरल्याची जाणीव देत नाही आणि लवकर शोषली जाते, त्यामुळे कमी कष्टात सर्वांत जास्त फरक इथे पडतो. शीतपेय, स्क्वॉश आणि उसाचा रस यांच्या जागी मठ्ठा, लिंबू-मीठ-पाणी किंवा साखर अगदी बेताची घातलेले कैरीचे पन्हे येऊ शकते. मीठही मोजून, त्याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे.

त्यानंतर चहा. एकदम फिका केला तर आठवड्याभरात घर बंड करते. दर दहा-बारा दिवसांनी पाव चमचा कमी केल्यास जीभ जुळवून घेते. मग पाकिटबंद खाऊ, आणि सणावारची मिठाई सगळ्यांत शेवटी, कारण आठवड्याच्या बेरजेत तिचा वाटा वाटतो त्याहून लहान निघतो.

मधुमेही व्यक्तीसाठी गोड नसलेल्या कर्बोदकांचीही गोष्ट करावी लागते. तर्री पोहे गोड लागत नाहीत म्हणून त्यांची दोन प्लेट निर्धास्त खाल्ली जातात, पण पोहे पचून ग्लुकोजच होते. पोह्यांचा ढीग निम्मा आणि तर्रीतले चणे दुप्पट, असे ताट मागितले तर जेवणानंतरच्या साखरेत फरक दिसतो. दोन तासांनी मोजून तो स्वतः पाहावा. मधुमेह नसलेल्यांसाठीही याला थोडे महत्त्व आहे: झपाट्याने साखर वाढवणारा आहार घेणाऱ्यांत वयपरत्वे होणारा पीतबिंदूचा ऱ्हास जास्त आढळल्याचे निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात. तो संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे.

सावधान. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना आहारातली साखर अचानक तोडल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलून आधी ठरवावी. घाम, थरथर, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे आल्यास आणि मोजणी ७० च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. ज्यांना व्होग्लिबोस किंवा अकार्बोस चालू आहे त्यांनी अशा वेळी साखर न घेता ग्लुकोज पावडरच घ्यावी, कारण ही औषधे साखरेचे विघटन अडवतात. शुगर-फ्री पेयाचा इथे काहीच उपयोग नाही. वर जिच्यावर टीका केली त्या ग्लुकोज पावडरीचे एक छोटे पाकीट अशा घरात असायलाच हवे.

## टप्पा ६: अॅडिटिव्ह, महत्त्वाप्रमाणे

आता अॅडिटिव्ह. सरसकट ‘केमिकल’ म्हणून सगळे एका पोत्यात भरले तर काहीच हाती लागत नाही.

सोडियम सर्वांत आधी, जरी लोक त्याला अॅडिटिव्ह समजत नसले तरी. मीठ, खाण्याचा सोडा, सोडियम बेंझोएट म्हणजे २११, आणि अजिनोमोटो म्हणजे ६२१, या सगळ्यांतून सोडियम येते. मोठा वाटा मिठाचाच. वाढलेला रक्तदाब पडद्याच्या रक्तवाहिन्या स्वतंत्रपणे खराब करतो आणि मधुमेहाने होणारी इजा वाढवतो. दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. सावजी रस्सा, लोणचे, पापड आणि पाकिटातले नूडल्स एकाच दिवशी आले तर ती सहज ओलांडली जाते.

६२१ विषयीची भीती कोठून आली ते समजून घ्यावे. १९५७ साली नवजात उंदरांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचल्यावर त्यांच्या पडद्याचे आतले थर नष्ट झाल्याचे दिसले, आणि २००२ मध्ये आहारात ते फार मोठ्या प्रमाणात मिसळलेल्या उंदरांचा पडदा पातळ झाल्याचे प्रसिद्ध झाले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. पण माणूस ते इंजेक्शनाने घेत नाही आणि त्या उंदरांइतके खातही नाही. खाण्यातले बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात. चायनीजच्या ठेल्यावर महिन्यातून दोनदा खाण्याने नजर जाते, या समजाला आधार नाही. त्या प्लेटमधले मीठ आणि वारंवार तापवलेले तेल यांची काळजी करणे अधिक योग्य.

अॅस्पार्टेम, म्हणजे ९५१. ते पोटात गेल्यावर वजनाच्या साधारण १० टक्के मिथेनॉल सुटते, आणि विषारी दारूतल्या मिथेनॉलने माणसे आंधळी होतात हे सर्वांनी वाचलेले असते, म्हणून दोन गोष्टी जोडल्या जातात. फरक मात्रेचा आहे. एका कॅनमध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास अॅस्पार्टेम असते, म्हणजे मिथेनॉल २० मिलिग्रॅम. फळांच्या रसातूनही एवढे किंवा याहून जास्त मिळते. शरीराच्या किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही मर्यादा २०२३ मध्ये पुन्हा कायम करण्यात आली. ६० किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ते पूर्ण वर्ज्य करावे. वजन कमी करण्यासाठी म्हणून कृत्रिम गोडवा वापरू नये, असा सल्लाही जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी दिला. आधीच मधुमेह असलेल्यांना तो लागू केलेला नाही.

सॉर्बिटॉल, म्हणजे ४२०, याबाबत एक गोंधळ नेहमी होतो. मधुमेहात नेत्रभिंगात सॉर्बिटॉल साठते, ते पाणी ओढते आणि मोतीबिंदूला हातभार लागतो, हे वाचून लोक शुगर-फ्री मिठाईतल्या सॉर्बिटॉलला घाबरतात. नेत्रभिंगातले सॉर्बिटॉल तिथेच, रक्तातून आलेल्या ग्लुकोजपासून तयार होते. खाल्लेल्या सॉर्बिटॉलने फार तर पोट बिघडते.

खाण्याच्या रंगाने पडद्यावर खूण उमटल्याचे एक पक्के उदाहरण आहे: कॅन्थाझॅन्थिन, १६१जी. कातडी उन्हात रापल्यासारखी दिसावी म्हणून १९८०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत काही लोक त्याच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेत, आणि त्यांच्या पीतबिंदूभोवती सोनेरी कण साठलेले आढळले. गोळ्या बंद केल्यावर ते हळूहळू कमी झाले. जेवणातल्या प्रमाणात असे होत नाही. पण ‘त्वचेसाठी’ म्हणून ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलवर हे नाव दिसले तर त्या घेऊ नयेत.

टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११० यांसारखे परवानगीचे रंग थोड्या संवेदनशील लोकांत अंगावर पित्त उठवतात. त्यात पापण्या सुजू शकतात, डोळे खाजू शकतात. बिनपरवान्याचे रंग ही वेगळी गोष्ट आहे. जत्रेतल्या गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’मध्ये ऱ्होडामाइन बी सापडल्यावर २०२४ मध्ये तमिळनाडूने असे पदार्थ विकण्यास बंदी घातली. मिठाईत मेटॅनिल यलो आणि तिखटात सुदान रंगही असेच बेकायदा. तिखटाची सोपी चाचणी म्हणजे काचेच्या ग्लासातल्या पाण्यावर चिमूटभर तिखट न ढवळता भुरभुरावे. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असेल तर लगेच रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसतात. सुदान रंग तेलात विरघळतात, ते या चाचणीत सापडत नाहीत. शक्य असेल तर भिवापुरी मिरची अख्खी आणून कांडून घ्यावी. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे बिलासह तक्रार करता येते.

## टप्पा ७: संशय असलेल्या पदार्थाची पडताळणी

‘अमुक खाल्ले की डोळे चुरचुरतात’ हे तपासण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक जण ती बिघडवतात, कारण एकाच वेळी सहा गोष्टी बंद करतात. बरे वाटले तरी कशामुळे ते कळत नाही.

आधी इतर कारणे दूर करावीत. नागपुरात मार्च ते जून डोळे चुरचुरण्याची कारणे खाण्याबाहेर भरपूर सापडतात: कूलरचा थेट तोंडावर येणारा झोत, धूळ, रात्री उशिरापर्यंत मोबाइल, ॲलर्जी. कूलरची दिशा बदलून एक आठवडा पाहावे. तरीही त्रास राहिला तर एकच पदार्थ दोन आठवडे पूर्ण बंद ठेवावा, रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात पापण्यांचा फोटो काढावा, आणि मग तो पदार्थ एकदा खाऊन दोन दिवस निरीक्षण करावे. हे चक्र दोनदा सारखेच घडले तर संशयात तथ्य आहे. वेष्टनावरचे आकडे घेऊन त्वचारोग किंवा ॲलर्जीतज्ज्ञांकडे जावे.

सावधान. पूर्वी कधी तो पदार्थ खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली असेल, दम लागला असेल किंवा दमा असेल, तर पुन्हा खाऊन पाहण्याचा प्रयोग घरी करू नये. लहान मुलांवर तो बालरोगतज्ज्ञांशिवाय मुळीच करू नये.

## टप्पा ८: चष्मा आणि फेरतपासणी

साखर चढ-उतार करत असताना नेत्रभिंग पाणी धरते-सोडते आणि नंबर बदलतो. साखर खूप वाढलेली असते तेव्हा अनेकांना दूरचे धूसर होते आणि जवळचा चष्मा लागेनासा होतो. औषध सुरू होऊन साखर उतरली की उलट, जवळचे दिसेनासे होते. नेमक्या याच दिवसांत लोक घाबरून चष्म्याच्या दुकानात जातात, हजारो रुपयांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा करतात, आणि दीड महिन्यात तो निरुपयोगी होतो. साखर स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवडे थांबून, दोन वेगवेगळ्या दिवशी नंबर काढावा. दोन्ही जुळले तरच चष्मा करावा. मधल्या काळात कामापुरता स्वस्त वाचनाचा चष्मा पुरतो.

घरी आठवड्यातून एकदा गणिताच्या चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध ठिपका काढून ते वाचनाच्या अंतरावर धरून, नेहमीचा जवळचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेघा वाकड्या दिसल्या किंवा एखादा भाग गळाल्यासारखा वाटला तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही चाचणी केली तर चांगला डोळा वाईट डोळ्याचा दोष झाकतो.

अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागणे, विजेसारखे लखलखणे, बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, एका डोळ्याची नजर एकाएकी जाणे, किंवा लाल डोळ्यासोबत तीव्र दुखणे आणि उलटी, यांपैकी काहीही झाले तर आहाराची वही बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असेल तर मेडिकल किंवा मेयोच्या अपघात विभागात, जावे. रिपोर्टची फाइल आणि औषधांची यादी सोबत घ्यावी, आणि शेवटचे काही खाल्ले-प्यायले ती वेळ लिहून न्यावी, कारण शस्त्रक्रिया करावी लागली तर भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतात.